इंदुमतीबाईंच्या चिमणीतला उजेड

एका जंगलात, मुलांनो, इंदुमतीबाई नावाची एक अस्वलीण राहत होती. जंगल चांगल्या वस्तीचे होते. समोर नदी होती, मागे टेकडी होती, आणि राजा सिंह असला तरी तो आठवड्यातून एखाद्‌दुसऱ्याच प्रजाजनाला खात असे. त्यामुळे बाकीचे सगळे सुखी होते.

इंदुमतीबाई वाळवीची आमटी फार सुरेख करीत. तोंडे वाकडी करू नका. तुम्ही अस्वल नाही, म्हणून तुम्हाला तसे वाटते. वाळवी भिजत घालायची, बारीक वाटायची, मोहरी-हिंगाच्या फोडणीत कांदा परतून त्यात ती टाकायची आणि चिंच व मोहाची फुले घालून उकळायची. ही आमटी खाताना तरुण अस्वले बोलणे विसरत आणि म्हातारी अस्वले डोळे पुसत.

अस्वलाची नजर अधू असते. पण नाक असे असते की टेकडीपलीकडे मधाचे पोळे फुटले तर अलीकडे कळते. इंदुमतीबाई नाकानेच स्वयंपाक करीत. कच्च्या मोहरीचा वास वेगळा, तडतडलेल्या मोहरीचा वेगळा. कांदा गुलाबी झाला की त्याचा वास गोडसर होतो, लाल झाला की खमंग होतो. काळोख्या गुहेत, डोळे मिटून, काहीतरी गुणगुणत त्या पळी फिरवीत. त्यांना त्या वेळी कोणी हाक मारलेली आवडत नसे.

त्यांचे यजमान बळवंतराव. ते स्वभावाने गरीब होते, पण त्यांना एक खोड होती. दुसऱ्याच्या गुहेत जे दिसेल ते त्यांना आपल्या गुहेत हवे असे.

एकदा ते तरसाकडे बारशाला गेले आणि तिथे त्यांनी चिमणी पाहिली.

चिमणी म्हणजे दाणे टिपते ती नव्हे. ही चुलीवर टांगायची चिमणी. वर भोपळ्याचा भलामोठा तुंबा पालथा घातलेला, त्यातून बांबूचे नळकांडे गुहेबाहेर काढलेले, आणि नळकांड्यात एक वटवाघूळ उलटे लटकवलेले. ते पंख फडफडवी आणि चुलीचा सगळा धूर वर ओढला जाई. तुंब्याच्या आत, अभ्रकाच्या तुकड्यामागे, उजेडासाठी एक काजवा बसवलेला असे.

पुढच्याच आठवड्यात बळवंतरावांच्या गुहेत चिमणी टांगली गेली.

"आता तुला धुराचा त्रास नाही," ते म्हणाले.

"मला धुराचा त्रास कधी होता?" इंदुमतीबाई म्हणाल्या.

"होता. तुला कळत नव्हता."

वटवाघळाने पंख हलवले. धूर गेला. धुराबरोबर वासही गेला.

इंदुमतीबाईंनी तेलात मोहरी टाकली आणि सवयीने डोळे मिटले. काहीच आले नाही. त्यांनी नाक पुढे केले. तरी काही नाही. जणू कढईच चुलीवर नव्हती. त्यांनी घाबरून डोळे उघडले, पण चिमणीच्या सावलीत कढई दिसेना. मोहरी कच्ची राहिली की जळाली, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळले नाही.

"अहो, या चिमणीत दिवा आहे म्हणता ना?" त्यांनी विचारले.

"आहे तर," बळवंतराव म्हणाले आणि त्यांनी तुंब्यावर टकटक केली.

आतून जांभईचा आवाज आला. अभ्रकामागे मिणमिण पिवळा उजेड पडला. कढईची कड दिसली. मग उजेड गेला. मग आला. मग गेला.

"हे काय चाललंय?" इंदुमतीबाईंनी विचारले.

"वहिनी, मी दत्तोबा काजवे," आतून आवाज आला. "आमच्यात असंच असतं. लागायचं, विझायचं. वाडवडिलांपासून चालत आलंय."

"पण दत्तोबा भावोजी, तुम्ही विझता तेवढ्यात माझा कांदा करपतो."

"तुम्ही मी लागल्यावर कांदा परतत जा."

"कांदा तुमच्यासाठी थांबत नाही."

"मग ते कांद्याशी बोला," दत्तोबा म्हणाले आणि विझले.

त्याच महिन्यात कुळाचे जेवण आले. मोहाच्या हंगामात सगळी अस्वले एका गुहेत जेवत आणि आमटी नेहमी इंदुमतीबाईंची असे. पंगत बसली. बळवंतरावांच्या आत्याबाई पहिल्या पाटावर बसल्या. त्यांचे वय झाले होते, दात गेले होते, आणि त्या वर्षभर या एका आमटीची वाट बघत.

आमटी वाढली गेली. वाळवी कच्ची होती. मोहरी जळून कडू झाली होती. हिंग दोनदा पडला होता, कारण पहिल्यांदा पडला तेव्हा दत्तोबा विझलेले होते.

आत्याबाईंनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "इंदू, थोडं ताक असेल का गं?"

इंदुमतीबाई ताक आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आत्याबाईंनी नावे ठेवली असती तर त्यांना चालले असते. ताक मागितले ते लागले.

सगळे गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ही चिमणी काढा."

बळवंतराव दचकले. "काढू? अगं, तरसाने काय म्हणावं?"

"तरसाला माझी आमटी कुठे खायची आहे?"

"चिमणी काढायची नाही. हवं तर उजेड वाढवू."

इथे, मुलांनो, तुमच्या मनात आले असेल की चिमणी काढणे सोपे होते. बरोबर आहे. म्हणूनच ते कोणी केले नाही.

पहिला उपाय म्हणून दत्तोबांच्या सोबतीला त्यांचे चुलत बंधू केरोबा काजवे आणले. ठरले असे, की दत्तोबा विझले की केरोबांनी लागायचे आणि केरोबा विझले की दत्तोबांनी. पहिली फोडणी उत्तम झाली. दुसऱ्या फोडणीला दोघांच्यात मागच्या पिढीतल्या एका पानाच्या वाटणीवरून बोलणे सुरू झाले. बोलता बोलता दोघांचा ठेका एक झाला. दोघे एकदम लागू लागले आणि एकदम विझू लागले. आता उजेड दुप्पट पडे आणि अंधारही दुप्पट पडे.

मग आणखी काजवे आणले. आणखी नातेवाईक, आणखी वाटण्या. चिमणीत इतका कलकलाट होऊ लागला की इंदुमतीबाईंना मोहरीचे तडतडणेही ऐकू येईना. नाक गेले होतेच. आता कानही गेले.

तेव्हा बळवंतराव म्हणाले, "हे आपलं काम नाही. यातला जाणकार बोलवू."

जाणकार म्हणजे सौमित्र खंड्या. निळी पाठ, तपकिरी पोट, लांब चोच आणि गळ्यात सुताचे मोजमाप. नदीकाठच्या मोठमोठ्या गुहा त्याने सजवल्या होत्या. तो चुलीसमोरच्या दगडावर बसला, मान तिरकी करून चिमणीकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमच्या स्वयंपाकघरात उजेड नाही, असं नाही. उजेडाला बोलायला जागा नाही."

"उजेडानं बोलू नये," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मला फक्त कढई दिसली पाहिजे."

"कढई दिसेलच. पण कशी दिसेल? आपण थोडा उबदार उजेड घेऊ."

"ऊब नको. खाली चूल आहे."

"मग गार उजेड घेऊ."

"मोहरी दिसेल का त्यात?"

"मॅडम, मोहरीपलीकडे बघा," खंड्या म्हणाला.

इंदुमतीबाईंनी मोहरीपलीकडे बघितले. तिथे बळवंतराव उभे होते आणि मान डोलवत होते. त्यावरून काम ठरले, हे त्यांनी ओळखले.

काम सुरू झाले. तेलाने पिवळा पडलेला अभ्रक काढून नवा, पाण्यासारखा स्वच्छ अभ्रक आला. तुंब्याला आतून शिंपले लावले. शिंपल्यांचे चकचकीत पोट बाहेरच्या बाजूला, म्हणजे एका काजव्याचे शंभर दिसावेत. काजव्यांना खंड्याने दंवाच्या पाण्याने आंघोळी घातल्या, ओळीने बसवले आणि प्रत्येकाच्या तोंडात मधाचा थेंब ठेवला. तोंड भरलेले असले की वाटण्यांचा विषय निघत नाही, आणि मध चघळताना काजवा विझायचे विसरतो, हे त्याला ठाऊक होते. ते त्याचे खरे कौशल्य. बाकी सगळे शिंपले होते.

कोळ्याच्या जाळ्याचा पडदा सरकवला आणि उजेड पडला.

मुलांनो, असा उजेड त्या जंगलात कोणी पाहिला नव्हता. दूध सांडावे तसा तो ओट्यावर पसरला. कढई चकाकली. पळी चकाकली. इंदुमतीबाईंनी डब्यातून चिमूटभर मोहरी घेतली आणि त्यांना एकेक दाणा वेगळा दिसला. त्यांना हसू आले. खूप दिवसांनी त्या हसल्या.

"कसं वाटतंय?" बळवंतरावांनी विचारले.

"दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कढई चुलीवर ठेवली.

तेल तापले. मोहरी पडली, तडतडली, दिसली. तेवढ्यात नळकांड्यातली फडफड थांबली.

बळवंतरावांनी वाकून वर पाहिले. वटवाघळाला एवढा उजेड सोसेना. त्याने दोन्ही पंख डोळ्यांवर घेतले होते. पंख डोळ्यांवर असल्यावर फडफडणार काय? धूर वर जायचा थांबला आणि गुहेत पसरू लागला.

आणि धुराबरोबर वास आला.

मोहरीचा, हिंगाचा, तापल्या तेलाचा. इंदुमतीबाईंनी नाक वर केले. त्यांचे डोळे आपोआप मिटले. त्या गुणगुणू लागल्या. कांदा पडला, गोडसर झाला, खमंग झाला. वाटलेली वाळवी पडली. तशी आमटी त्या घरात चिमणी आल्यापासून झाली नव्हती.

"थांब," बळवंतराव ओरडले.

इंदुमतीबाईंनी डोळे उघडले. एका शिंपल्यावर फोडणीचा शिंतोडा उडाला होता. शिंतोडा तिळाएवढा होता. पण उजेड इतका उत्तम होता, की समोरच्या भिंतीवर त्याची सावली हत्तीएवढी पडली होती.

"डाग पडला," बळवंतराव म्हणाले.

"पुसते."

"आज पुसशील. उद्या परत फोडणी आहेच."

वरून दत्तोबांनीही मधाचा थेंब गालात सरकवून तोंड उघडले. "वहिनी, हिंग आम्हाला सोसत नाही. आमचा उजेड मागच्या बाजूला असतो. तिथे फार झोंबतं."

खंड्याला बोलावणे गेले. तो आला आणि डाग बघून हळहळत म्हणाला, "मॅडम, या उजेडात तुम्ही फोडणी दिलीत?"

"स्वयंपाकघर आहे ना हे?"

"आहे. पण आता ते जपायला हवं."

त्या दिवसापासून त्या ओट्यावर फोडणी बंद झाली. मग तळण बंद झाले. मग लक्षात आले, की भात शिजताना वाफ वर जाते आणि अभ्रकावर धुके धरते, म्हणून उकळणे बंद झाले. काही दिवस इंदुमतीबाई तिथे नुसत्या काकड्या चिरीत. पण सालांचा ढीग त्या उजेडात बरा दिसेना. मग काकड्याही बंद झाल्या. ओट्यावर एक घासलेले रिकामे पातेले आणि एक कमळ ठेवले गेले. संध्याकाळी बळवंतराव समोर बसत आणि पातेल्याकडे बघत.

"काय सुंदर दिसतंय," ते म्हणत.

"जेवायचं काय?" इंदुमतीबाई विचारीत.

"ते तू बघ," ते म्हणत.

इंदुमतीबाईंनी बघितले. गुहेच्या मागे, टेकडीच्या आडोशाला, त्यांनी तीन दगड मांडले. तिथे ना दिवा होता, ना चिमणी, ना कोणी बघणारे. त्यांनी काटक्या पेटवल्या, जुनी कढई चढवली आणि डोळे मिटले. वास असा भरभरून आला, की त्या थोडा वेळ पळी हातात धरून नुसत्याच बसून राहिल्या.

मग त्यांनी आमटी केली.

आत्याबाईंना एक भांडे पाठवले. भांडे रिकामे परत आले आणि निरोप आला, "इंदूला म्हणावं, आज ताक लागलं नाही."

इकडे चिमणीच्या उजेडाची कीर्ती पसरली. जंगलातली मंडळी जोडीजोडीने बघायला येऊ लागली. बळवंतराव त्यांना ओट्यासमोर बसवीत, जाळ्याचा पडदा सरकवीत, रिकामे पातेले दाखवीत. मागून आमटी येई. पाहुणे खात आणि म्हणत, "उजेड चांगला असला की चव कशी उतरते बघा." इंदुमतीबाई पदराला हात पुसत उभ्या राहत. पहिल्या दोन-चार वेळा त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. पाहुणे हसले. त्यांना वाटले, बाई विनयशील आहेत.

शेवटी ही बातमी सिंहमहाराजांच्या कानावर गेली आणि महाराज स्वतः जेवायला आले.

महाराज ओट्यासमोर उभे राहिले. पडदा सरकला. महाराजांनी वाकून पातेल्यात पाहिले. घासलेल्या तळाशी त्यांना त्यांचेच तोंड दिसले, आयाळीसकट, चहूबाजूंनी उजळलेले. ते बराच वेळ बघत राहिले. मागे दरबारी उभे होते. कोणाला हलता येईना.

"उत्तम स्वयंपाक आहे," महाराज शेवटी म्हणाले.

मग आमटी आली. महाराजांनी एक वाटी प्यायली, दुसरी प्यायली, तिसरी मागितली. मिशा पुसल्या. इंदुमतीबाईंकडे वळले.

"बाई, ही आमटी याच उजेडात केलीत?"

बळवंतरावांनी बायकोच्या पायावर पाय ठेवला.

इंदुमतीबाईंना खरे सांगायचे होते. आमटी त्यांची होती. तीन दगडांवर, काळोखात, त्यांच्या नाकाने केलेली होती. ती एका शिंपल्याच्या नावावर जावी, हे त्यांना सोसत नव्हते. त्यांनी सांगायला तोंड उघडले आणि महाराजांकडे पाहिले.

महाराज उत्तराची वाट बघत हसत होते. उजेड फारच चांगला होता. महाराजांचे दात एकेक करून स्पष्ट दिसत होते. मागच्या दाढेत कोणाच्या तरी शेपटीचे केस अडकलेले होते, तेही दिसत होते.

"हो महाराज," इंदुमतीबाई म्हणाल्या. "याच उजेडात."

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. महाराजांच्या राज्यात प्रत्येक गुहेत, बिळात आणि ढोलीत चिमणी असावी, आणि चिमणीत इंदुमतीबाईंच्या चिमणीसारखा उजेड असावा. ज्याच्या घरी नसेल त्याच्याकडे महाराज स्वतः जेवायला येतील. काय जेवतील, ते दवंडीत सांगितले नव्हते.

महिन्याभरात सगळे जंगल उजळले. सशाच्या बिळात चिमणी बसली. खारीच्या ढोलीत चिमणी बसली, त्यामुळे खारीला बाहेर झोपावे लागले. बगळा मासे कच्चेच खाई, त्यानेही एका पायावर उभे राहून डोक्यावर चिमणी बांधून घेतली. खंड्याला चोच उघडायला सवड मिळेना. वटवाघळे डोळ्यांवर पंख घेऊन घरोघर लटकली. रोज संध्याकाळी महाराज टेकडीवर उभे राहून खाली बघत. ओळीने उजळलेली स्वयंपाकघरे, चकाकणारी रिकामी पातेली.

"आपली प्रजा किती छान जेवते," ते म्हणत.

प्रजा टेकडीच्या मागच्या बाजूला होती.

तिथे घरोघरची चूल आली होती. इंदुमतीबाईंच्या तीन दगडांशेजारी तरसिणीचे तीन दगड, त्यापलीकडे साळिंदराचे, त्यापलीकडे सशाचे. पूर्वी या बायका एकमेकींना सणावारी भेटत. आता अंधारात रोज भेटू लागल्या. कोणी मीठ मागे, कोणी चव देई. तरसिणीला हिंग केव्हा घालायचा ते कळत नसे. इंदुमतीबाई जागेवरूनच सांगत, "थांब जरा. अजून नाही. हं, आता घाल."

"तुम्हाला इतक्या लांबून कसं दिसतं, वहिनी?" तरसीण विचारी.

"दिसत नाही गं," इंदुमतीबाई म्हणत.

पुरुष मंडळी थोडे दिवस पुढच्या बाजूला पातेल्यांसमोर बसली. मग एकेक जण काही ना काही निमित्त काढून मागे येऊ लागला. बळवंतराव सगळ्यात शेवटी आले. काटकी हवी का विचारायला आलो, असे म्हणाले आणि जेवून गेले. दुसऱ्या दिवशी निमित्त न सांगता आले.

एका संध्याकाळी इंदुमतीबाई फोडणीची तयारी करीत असताना डोक्यावर काहीतरी भिरभिरले.

"वहिनी, मी दत्तोबा," आवाज आला. मागे केरोबा होते. त्यांच्या मागे घरोघरच्या चिमण्यांतले सगळे काजवे होते. "तिकडे कोणीच नसतं हो. रिकाम्या पातेल्यावर किती उजेड पाडायचा? आणि रोज मध खाऊन कंटाळा आला. इकडून वास येतो."

"पण तुम्हाला हिंग झोंबतो ना?"

"उघड्यावर नाही झोंबत. वारा असतो. थोडी आमटी मिळेल का?"

तेल तापत आले होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "पण इथे कोणी लागायचं नाही."

काजवे गवतावर उतरले आणि एकेक करून विझले. महाराज टेकडीवरून बघून केव्हाच परतले होते, आणि टेकडीपलीकडच्या चिमण्यांतही आता काळोख होता. इंदुमतीबाईंनी डोळे मिटले आणि तेलात मोहरी टाकली.

तात्पर्य : मुलांनो, स्वयंपाकघरात उजेड नेहमी भरपूर असावा. म्हणजे सगळे तिकडे बघत राहतात आणि आपल्याला मागे निवांतपणे स्वयंपाक करता येतो.